सोबत्याची साक्ष

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो तो उगाच नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. सातारा, रत्नागिरी अशा लष्करी भरतीच्या जिल्ह्यांत त्या युद्धानंतर सरकारने गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असायचा. गावाने किती माणसे दिली हे ती पाटी सांगते, पण कोण दिले याचा पत्ता लागू देत नाही. शंभर वर्षांनंतर अशा पाटीसमोर आपण फार तर मान लववतो. आठवत मात्र कोणीच नाही, कारण आठवायला समोर माणूसच नसतो. युद्धात पडलेल्या सैनिकाचे स्मरण माणसाचे स्मरण म्हणून टिकायचे असेल, तर त्याला दोन गोष्टी लागतात. एक, शेजारी उभे राहून लढलेल्या सोबत्याची साक्ष. आणि दुसरी, ती साक्ष वेळेत लिहून घेणारा कोणीतरी. या दोहोंवाचून सरकारने कितीही भव्य स्मारक उभारले, तरी ते खर्ची पडलेल्यांचा हिशेब होऊन राहते. हे विधान जरा कठोर वाटेल, म्हणून ते पुराव्यावर घासून पाहायला हवे.

पहिला पुरावा इराकमधला आहे. तेव्हा मेसोपोटेमिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखात मुंबई इलाख्यातल्या पलटणी मोठ्या संख्येने लढल्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखालच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुट-अल-अमारा इथे या फौजेला तुर्कांचा वेढा पडला आणि तो जवळजवळ पाच महिने उठला नाही. दाणागोटा संपत आला, घोडे आणि खेचरे कापायची वेळ आली, आणि अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोक शत्रूच्या हाती लागले. त्यांतले कित्येक पुढच्या उन्हातल्या पायपिटीत आणि कैदेत गेले. या सगळ्या मोहिमेत मरण पावलेल्या, पण ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक उभे राहिले. मृतांत बहुसंख्य हिंदी सैनिक होते. स्मारकावर ब्रिटिश सैनिक, अगदी साधा शिपाईसुद्धा, नावानिशी कोरला गेला. हिंदी सैन्यातल्या सुभेदार-जमादारांनाही नाव मिळाले. हवालदार, नाईक आणि शिपाई यांच्या वाट्याला मात्र आपापल्या पलटणीच्या नावाखाली आला तो आकडा.

हे केवळ कारकुनी हयगयीतून घडले असे म्हणता येत नाही. फेबियन वेअर हा गृहस्थ १९१४ मध्ये रेडक्रॉसच्या मोटारपथकाबरोबर फ्रान्समध्ये गेला होता. रणांगणावरच्या कबरी कोणी नोंदवत नाही हे पाहून त्याने ते काम अंगावर घेतले आणि त्यातूनच १९१७ मध्ये युद्धकबरींचा साम्राज्य आयोग जन्मला. आयोगाचे मूळ तत्त्व स्वच्छ होते: प्रत्येक मृताला नावाने स्मरायचे, आणि हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही. फ्रान्समध्ये नव शापेल इथे १९२७ साली उभारलेल्या हिंदी स्मारकावर हे तत्त्व पाळले गेले. तिथे ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. म्हणजे युरोपच्या डोळ्यांसमोर जे जमले, ते बसऱ्यात जमवावेसे वाटले नाही. आयोगाच्या आजच्या नोंदींत बसऱ्याच्या हिंदी शिपायांची नावे सापडतात. तेव्हा नावे दप्तरात होती, दगडावर यायची तेवढी राहिली. आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये हे सगळे मान्य केले. आफ्रिका आणि आशियातले किमान ४५,००० मृत असमान रीतीने स्मरले गेले, आणि किमान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे, नावाने स्मरण झालेच नाही, असा तिचा निष्कर्ष होता. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी त्याबद्दल संसदेत माफी मागितली. पण ती ऐकायला त्या शिपायांबरोबर लढलेला एकही माणूस उरलेला नव्हता.

नाव कोरल्याने असा काय फरक पडतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने कोरेगाव भीमा इथे स्तंभ उभारला. तो उभारण्यामागे सरकारला आपला विजय मिरवायचा होता, यात शंका नाही. पण त्या स्तंभावर पडलेल्या देशी शिपायांची नावे कोरली गेली, आणि त्यांत ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची, २२ नावे आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना आपल्या मागणीसाठी हाच पुरावा हाताशी होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर याच स्तंभाचे चित्र होते. त्या लढाईचा अर्थ काय लावायचा यावर मतभेद आहेत आणि ते राहतील. इथे मुद्दा वेगळा आहे. नुसता आकडा असता तर त्यातून कोणाही समाजाला आपला पूर्वज ओळखता आला नसता. नाव राहिले, म्हणून शंभर वर्षांनी कोणीतरी त्याच्याशी नाते सांगू शकले, आणि ज्यांनी ते कोरले त्यांच्या हेतूपलीकडचे काम त्या नावांनी केले.

तरीही नाव ही सुरुवातच. महाराष्ट्रात देवळांच्या आवारात, गावाच्या वेशीजवळ शेकडो वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, अशी त्यांची ठरलेली रचना. बहुतेकांवर लेख नाही. घडवणाऱ्यांना त्याची गरज वाटली नसावी, कारण हा कोण, हे गावाला ठाऊकच होते. ते ठाऊक असलेले लोक गेले आणि दगड मुका झाला; आज कुठे त्याला शेंदूर लागतो, कुठे तो पायरीला वापरला जातो. यातून दिसते ते असे की दगड आठवण जपतो, पण ती निर्माण करू शकत नाही. ती येते माणसांकडून, आणि युद्धाच्या बाबतीत ती माणसे म्हणजे पलटणीतले सोबती. घरच्यांना मुलगा ठाऊक असतो, पण सैनिक म्हणून तो कसा होता हे त्यांना माहीत नसते. सरकारला सैनिकाचा नंबर आणि हुद्दा ठाऊक असतो, त्याचा स्वभाव नाही. दोन्ही बाजू ज्याने पाहिल्या असा माणूस एकच: त्याच मोर्चात रात्र काढलेला, त्याच लंगरचे जेवलेला, आळीपाळीने पहारा दिलेला. फौजेत दोघादोघांची जोडी लावतात आणि जोडीदाराला ‘बडी’ म्हणतात. कोणाचे कर्ज फिटायचे आहे, कोणाची बहीण लग्नाची आहे, घरून आलेले पत्र कोणी तीनदा वाचले, हे बडीला माहीत असते. कारगिलच्या युद्धापासून जवानाचे पार्थिव गावी पोचवण्याची रीत पक्की झाली आणि त्याबरोबर त्याच्या युनिटचा एखादा जवानही येऊ लागला. अंत्यसंस्कार उरकल्यावर घरातली माणसे त्याच्याभोवती बसतात आणि विचारतात ते पदकांबद्दल नसते. शेवटी तो काय बोलला, जेवला होता का, हे विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे कुठल्याही सरकारी पत्रात नसतात.

सोबत्याच्या साक्षीचे मोल केवळ भावनिक नाही. शौर्यपदकाची सगळी व्यवस्थाच तिच्यावर उभी आहे, कारण पराक्रम कोणीतरी पाहिलेला असावा लागतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीला दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला. ते एकटे पुढे धावले, हातबाँब टाकून गन बंद पाडली, टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून दस्त्याने लढले, आणि त्यानंतर शत्रूच्या स्नायपरच्या गोळीला बळी पडले. दुसरे शिपाई नामदेव जाधव. त्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या खोल पाण्यातून दोन जखमी साथीदारांना सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे आणले, मग परत फिरून तीन मशिनगनच्या चौक्या उडवल्या. आपल्या मेलेल्या सोबत्यांचा बदला घेण्याच्या निर्धाराने ते परतले, असे खुद्द सरकारी प्रशस्तीपत्रकात नमूद आहे. जाधव १९८४ पर्यंत जगले. आता घाडग्यांच्या प्रशस्तीतला एक तपशील पाहा: मशिनगनच्या त्या माऱ्यात सेक्शन कमांडर, म्हणजे खुद्द घाडगे, सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले होते. घाडगे ज्यांच्यासाठी धावले ते हे लोक. त्यांच्यापैकी कोण कोण त्या दिवशी गेले, कोणत्या गावचे होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? ज्याचा पराक्रम कोणाच्या तरी नजरेला पडला तो टिकला. ज्यांना पाहणारेच त्यांच्याबरोबर गेले ते विरून गेले. पदक हे शौर्याचे माप आहेच, पण साक्षीदार जगला-वाचला याचाही तो दाखला आहे.

साक्षीदार जगला आणि तरी त्याचे ऐकले गेले नाही, असेही होते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये चुशूलजवळ रेझांग ला इथे १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढली. सुमारे १२० जणांपैकी ११४ पडले. मोजके लोक वाचून मागे आले आणि त्यांनी कंपनी शेवटच्या माणसापर्यंत कशी लढली ते सांगितले. देश पराभवाच्या धक्क्यात होता आणि सुरुवातीला त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला लोक तयार नव्हते. बर्फ थोडे ओसरल्यावर, १९६३ च्या आरंभी, तिथे पोचलेल्या तुकडीला जवान आपापल्या मोर्चात, हत्यारांसकट गोठलेले सापडले. नर्सिंग असिस्टंट धर्मपाल दहिया यांच्या हातात इंजेक्शनची सिरिंज आणि बँडेज तसेच होते. वाचलेल्यांचा शब्द न् शब्द त्या मृतदेहांनी खरा ठरवला. बर्फाने ही साक्ष जपली नसती तर काय झाले असते, याचा विचार करायला हवा. वाळवंटात, जंगलात, नदीपात्रात पडलेल्यांच्या बाजूने असा पुरावा उभा राहत नाही. तिथे सोबत्याचा शब्द हाच एकमेव पुरावा असतो आणि तो वेळेत ऐकला नाही तर कायमचा जातो.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप असा की सोबत्यांची आठवण विश्वासार्ह नसते. ती माणसाचा देव करते. अरुणाचल प्रदेशात तवांगच्या वाटेवर जसवंतगढ आहे. चौथ्या गढवाल रायफल्सचे रायफलमन जसवंत सिंग रावत १७ नोव्हेंबर १९६२ रोजी नूरानांगच्या लढाईत पडले. तिथे त्यांच्या नावाने खोली आहे. अंथरूण घातले जाते, बूट पॉलिश होतात, सकाळचा चहा ठेवला जातो. त्यांनी तीन दिवस एकट्याने चिनी फौज रोखली, अशी कथा सर्वतोमुखी आहे. आक्षेप घेणारे म्हणतील, बघा, सोबत्यांच्या हाती स्मरण दिले की त्याचे असे होते. पण नोंदी काय सांगतात ते पाहू. चिन्यांची एक मशिनगन फार त्रास देत होती. ती काबीज करायला तिघे रांगत गेले: जसवंत सिंग, लान्स नाईक त्रिलोक सिंग नेगी आणि रायफलमन गोपाल सिंग गुसाईं. गन हाती आली. परतताना जसवंत सिंग आणि नेगी पडले. जखमी गुसाईं गन घेऊन आपल्या मोर्चात पोचले. जसवंत सिंगांना महावीर चक्र आणि उरलेल्या दोघांना वीर चक्र मिळाले. म्हणजे ‘एकट्या’ वीराच्या कथेने नेमके सोबतीच पुसले. ही कथा गुसाईंच्या साक्षीतून उगवलेली नाही, ती त्यांच्या साक्षीवर चढलेला थर आहे. आख्यायिका फोफावते ती पाहणाऱ्याचे बोलणे नोंदलेले नसते किंवा नोंद कोणी उघडत नाही तिथे. तेव्हा आख्यायिकेची भीती वाटत असेल तर सोबत्याला गप्प करून चालणार नाही; त्याचे म्हणणे लवकर आणि नीट उतरवून घ्यावे लागेल. चहा ठेवणाऱ्या जवानांच्या श्रद्धेचा यात कसलाही उपमर्द नाही. श्रद्धेला तिची जागा आहे, फक्त तिने इतिहासाची खुर्ची अडवू नये.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. अशा स्मरणाने युद्धाचा उदोउदो होतो, आणि परक्या साम्राज्यासाठी लढलेल्यांना आठवायचे तरी कशाला? यातला पहिला भाग उलटा आहे. उदोउदो करायला अनामिक वीर फार सोयीचा असतो, कारण त्याच्या तोंडी काहीही घालता येते. ज्याचे नाव, गाव, वय, राहिलेले कर्ज आणि अर्धवट पत्र आपल्याला माहीत आहे, त्याला घोषणेत बसवणे अवघड जाते. तपशील वाढला की युद्धाची किंमत दिसू लागते, आणि ती ज्याने जवळून पाहिली तो सोबती सहसा युद्धाचा जयजयकार करत नाही. दुसऱ्या भागाबद्दल एवढेच म्हणता येईल की कोकणातल्या आणि साताऱ्याच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या तरुणाला बसऱ्याला पाठवण्याचा निर्णय त्याने घेतला नव्हता. तो पगारासाठी, घरच्या चार तोंडांसाठी, काही प्रमाणात घराण्याच्या परंपरेसाठी भरती झाला. साम्राज्याने त्याचे नाव लिहिले नाही. आणि साम्राज्याचा होता म्हणून स्वतंत्र देशानेही लिहायचे नाही, असे ठरवले तर दोन्हींकडून त्याच्या पदरी एकच न्याय पडतो. त्याला आठवणे म्हणजे त्या युद्धाला मान्यता देणे नव्हे. नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर स्वातंत्र्यानंतर पडलेल्या २५,००० हून अधिक सैनिकांची नावे, हुद्द्याची उतरंड न लावता, ग्रॅनाइटवर लिहिली आहेत. २०१९ मध्ये हे घडले ते योग्यच झाले. पण १९४७ च्या आधी गेलेला शिपाई आणि नंतर गेलेला जवान यांच्या घरात पडलेली पोकळी वेगवेगळी नव्हती.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: जे परतले त्यांना बोलायचे नसते, त्यांची जखम कशाला उकरायची? हे खरे आहे, आणि जबरदस्ती कोणावरच करू नये. पण आपण विचारतो काय, यावरही बरेच अवलंबून असते. मुलाखत घ्यायला जाणारा बहुधा लढाईचा सर्वात भयंकर क्षण मागतो, आणि ऐकणाऱ्यासमोर तो क्षण उभा करायचा म्हणजे सांगणाऱ्याला तो पुन्हा जगावा लागतो. तो मित्र कसा होता, त्याला काय खायला आवडे, कोणाची नक्कल करायचा, ड्रिलमध्ये काय चुकायचा, घरी पत्र कोणाकडून लिहवून घ्यायचा, या प्रश्नांना उत्तर देताना माणूस कमी अडखळतो. शिवाय स्मरणाच्या दृष्टीने हीच माहिती जास्त मोलाची, कारण लढाईचा नकाशा युनिटच्या युद्धडायरीत मिळतो, हे तिथे मिळत नाही.

लिहून ठेवण्याने काय वाचते, याची उदाहरणे पहिल्या महायुद्धातच आहेत आणि ती विचित्र आहेत. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांची पत्रे आज वाचता येतात, कारण लष्करी सेन्सॉरने संशयापोटी त्यांचे उतारे भाषांतर करून ठेवले होते. बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फच्या छावणीत हिंदी युद्धकैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले, ते जर्मन विद्वानांना भाषांचे नमुने हवे होते म्हणून. कुटच्या वेढ्यात आणि पुढच्या कैदेत बंगाल रुग्णवाहिका पथकातला शिशिर सर्वाधिकारी हा तरुण होता. त्याने आपल्या टिपणांची पाने फाडून बुटांत दडवली आणि पुढे त्यांवरून पुन्हा लिहून काढले. त्याचे ‘अभि ले बागदाद’ हे बंगाली पुस्तक १९५८ मध्ये निघाले. त्याच वेढ्यात, त्याच उपासमारीत तीन मराठा पलटणी होत्या. त्यांतल्या बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हते आणि परतल्यावर त्यांना कोणी विचारले नाही. एक सुशिक्षित तरुण बुटात कागद लपवतो म्हणून त्याचे सोबती उरतात, आणि शेजारच्या खंदकातले शेकडो जण आकड्यात जमा होतात. या दोहोंत शौर्याचा फरक काहीच नव्हता, फरक होता तो नोंदीचा.

लिहिता येत नाही, ही सबब आज उरलेली नाही. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला जवान आता पंचाहत्तरीच्या आसपास आहे. १९६२ आणि १९६५ पाहिलेले त्याहून थकले आहेत. मोबाइल प्रत्येक घरात आहे, मुलाखत ध्वनिमुद्रित करायला काही खर्च येत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, माजी सैनिकांच्या संघटना आणि तालुक्यातली महाविद्यालये यांनी मनावर घेतले तर हे काम दोन-तीन वर्षांत मार्गी लागेल. पद्धत मात्र काटेकोर हवी. सांगणाऱ्याचे युनिट, तारीख, जागा नोंदवावी. शक्य तिथे त्याच प्रसंगाचा दुसरा साक्षीदार शोधावा. पलटणीच्या नोंदींशी ताडून पाहावे. जुळत नसेल तर तसे लिहावे, पण सांगणाऱ्याचे शब्द बदलू नयेत. आणि एक प्रश्न कधीही गाळू नये. ज्याची गोष्ट चालली आहे त्याच्या डाव्या हाताला कोण होते, उजव्या हाताला कोण होते, मागून दारूगोळा कोण आणून देत होते? घाडग्यांचे सेक्शन, जसवंत सिंगांबरोबर रांगत गेलेले दोघे, हे सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरात असतात. पदक मिळालेल्याला आठवणे सोपे आहे. त्याच्याबरोबर निघून वाटेत पडलेल्यांची नावे त्याच पानावर आली, तरच ते स्मरण खऱ्या अर्थाने पलटणीचे होईल.